पातळ फोडी

माझा दात हलला तेव्हा मी शिंपीकाकांना ‘त’ म्हणायला शिकवत होते. आम्ही दोघं दवाखान्यातल्या माझ्या खोलीत आरशासमोर शेजारी शेजारी बसलो होतो. रोज तसेच बसतो, म्हणजे त्यांना त्यांचंही तोंड दिसतं आणि माझंही. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडाची उजवी बाजू झोपली आहे. समजतं सगळं, चिडतात, हसतातसुद्धा, पण बोलायला गेले की नुसता वारा बाहेर येतो. “माझ्याकडे बघा,” मी म्हटलं, “जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकवायचं, दाबायचं आणि सोडायचं. त.” हे वाक्य मी दिवसभरात इतक्या वेळा म्हणते की ते म्हणता म्हणता माझं डोकं घरी जाऊन भाजी निवडून येतं. तर मी जीभ टेकवली, दाबली, आणि समोरचा दात पुढे सरकला. आपण कडी लावलेली आहे असं समजत असावं आणि दार नुसतं लोटलेलं निघावं, तसं. दुखलं अजिबात नाही. मी तोंड मिटलं. जिभेवर लोखंडाची चव आली. आरशातून काका बघत होते. माझ्या तोंडाकडे बघणं हेच तर मी त्यांना काम लावून दिलेलं. त्यांनी चांगला हात उचलला, आधी स्वतःच्या ओठाकडे बोट केलं, मग माझ्या. माझ्या ओठावर रक्त होतं. त्यांना “काय झालं?” विचारायचं होतं, ते “आआ” एवढंच आलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, इस्त्रीचा, कडा बहुतेक त्यांनीच शिवलेल्या, आणि माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, “जीभ चावली गेली, काका.” ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी खोटं बोलायला काही लागत नाही. तरी माझे कान तापले.

हे काही आभाळातून पडलं नव्हतं. ब्रशवर रक्त यायला लागून बरेच दिवस झाले होते. आधी मी ब्रश बदलला, मग मऊ आणला, मग त्याहून मऊ, आणि शेवटी लाल रंगाची टूथपेस्ट आणली, म्हणजे बेसिनमध्ये काय लाल आहे ते बघायला नको. शिकलेली बाई मी! जीभ, टाळू, घसा यांवर परीक्षा देऊन पास झालेली. पण परीक्षा दुसऱ्यांच्या तोंडाची असते. सकाळी घासायचं, निघताना घासायचं, डबा खाऊन घासायचं, झोपताना घासायचं. पर्समध्ये पेपरमिंट, टेबलाच्या खणात पेपरमिंट. हसताना हात तोंडापुढे. शेजारच्या खोलीत कान तपासणारी मैत्रीण बसते, ती म्हणाली, “काय गं, हल्ली लाजायला लागलीस? कुणी भेटला की काय?” मी म्हटलं, “भेटलाय ना,” आणि हाताआडूनच हसले. लाज हे तिनं बरोबर ओळखलं होतं, जात तेवढी चुकली होती. ही लाज वेगळी. ही पोटातून वर येते आणि माणूस जवळ येऊन बोलायला लागला की मान आपोआप बाजूला वळते. आपला श्वास आपल्याला कळत नाही, हेच तर वाईट. समोरच्याच्या नाकपुडीकडे बघून ठरवायचं, आज आपण किती घाण आहोत.

आणि दुसऱ्या कुणाच्या घरात जन्मले असते तर कदाचित एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण मी कवळ्या करणाऱ्या माणसाची मुलगी. बाबांची खोली आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर, दाराशी नेहमी प्लास्टरची पांढरी पावलं. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात आणि बाबा त्यावर दात बसवतात. माणसं त्यांना कधी भेटत नाहीत, नुसती तोंडं येतात. घरी जेवताना ते त्या तोंडांच्या गोष्टी सांगायचे. “आज काय तोंड आलं होतं!” अशी सुरुवात. “वय विचाराल तर कोवळं. आणि हिरड्या बघाल तर म्हाताऱ्याच्या. घाण माणसं. साधं दोन वेळा घासता येत नाही, आणि मग येतात रडत.” आम्ही दोघी बहिणी खिदळायचो. मी आणि मुंगी. मुंगी म्हणजे माझी धाकटी बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. साखरेचा डबा कुठेही ठेवा, शोधून काढायची, म्हणून मुंगी. सुट्टीच्या दिवशी सकाळी आमची तपासणी व्हायची. बाबा खिडकीत स्टूल ठेवायचे, हातात छोटा गोल आरसा आणि टॉर्च. “आ कर.” त्यांच्या तोंडाला कायम लवंगेचा वास. दात बघून व्हायचे, मग अंगठ्यानं हिरडी दाबायचे, पुढून, मागून, आणि अंगठा उलटा करून बघायचे. “काही नाही,” म्हणायचे आणि मोठा श्वास सोडायचे. मला तेव्हा वाटायचं, काही सापडलं नाही म्हणून हे निराश होतात. पुढे मी मोठी झाले, अंगात मस्ती आली, तेव्हा एकदा म्हटलं, “मी काय बाजारातली घोडी आहे का, दात बघायला?” आई हसून हसून पडली. बाबांनी आरसा पुसून खिशात ठेवला. त्यानंतर त्यांनी कधी “आ कर” म्हटलं नाही, मुंगीलासुद्धा नाही.

त्यांचे स्वतःचे दात म्हणजे नातेवाइकांत कौतुकाचा विषय. त्यांच्या वयाच्या माणसांची बोळकी झालेली, आणि हे हसले की खोलीत दिवा लागल्यासारखं. ओळ सुंदर, फक्त डावीकडचा दुसरा दात किंचित फिरलेला, आणि त्यामुळेच ते हसू खट्याळ दिसायचं. आई कधी रंगात आली की म्हणायची, “मी कशाला फसले सांगू? त्या एका वाकड्या दाताला!” बाबा लगेच उठून हात धुवायला जायचे. लाजले, असं आम्ही म्हणायचो. आणि आमच्या घरची एक रीत होती, तिचा मला फार अभिमान होता. आमच्याकडे फळ कुणी तोंडानं तोडत नाही. सफरचंद असो, पेरू असो, बशी, सुरी, फोडी. कणीस असलं तर दाणे सोलून वाटीत. “जनावरं ओरबाडतात,” बाबा म्हणायचे, “माणसं कापून खातात.” मुंगी शाळेतून अख्खं सफरचंद खात आली म्हणून एकदा दिवसभर बोलणी खात होती. आई फोडी करायची, आमच्या जाड आणि बाबांच्या कागदासारख्या पातळ. त्यांना तशाच आवडतात, झालं. मी होस्टेलवर राहायला गेले तेव्हा पोरी सफरचंदाचा करकन लचका तोडायच्या आणि मी खोलीत बसून सुरीनं फोडी करायची. म्हणायच्या, काय बाई खानदानी! मी मान वर करून खायची. आता दात हलायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की मला नवीन काही शिकायला नकोच आहे. मी जन्मापासून हलत्या दातांनी जगल्यासारखीच खात आले आहे. तेव्हा एवढंच लक्षात आलं. पुढचं डोक्यात आलं नाही, म्हणजे बघा.

हिरड्यांच्या डॉक्टरकडे गेले ती दूरची शोधून. बाबांकडे काम पाठवणाऱ्यातली नको म्हणून. माझ्याच वयाची बाई, केस करकचून बांधलेले. तिनं एक बारीक सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये घातली, ती आत, आत, आतच जात राहिली. मग एक्स-रे दिव्यावर लावून म्हणाली, “हे बघा. दात उत्तम आहेत, कीड नाही एकाला. पण त्यांना धरणारं हाड गेलंय.” मी एकदम रडायलाच लागले. खुर्चीत आडवी, तोंडावर प्रकाश, कानांत पाणी. “मी घासते हो,” मी म्हटलं, “शपथेवर सांगते, चार वेळा घासते.” पोलिसांनी पकडल्यासारखी. ती म्हणाली, “दिसतंय ना. जरा जास्तच घासता.” मग तिनं खुर्ची सरळ केली आणि नीट समजावलं. जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. स्वच्छता लागतेच, पण काही जणांची शरीराची घडणच अशी असते की थोड्याशा जंतूंनासुद्धा शरीर नको इतकं भडकून उत्तर देतं. चोर एवढासा, पण राखणदार त्याच्यामागे धावताना घराच्याच भिंती पाडत सुटतो. ही घडण आईबापांकडून येते. एकच एक दोष नसतो, बारीकसारीक फरक असतात अनेक, आणि ते ज्याच्या वाट्याला येतात त्याला होईलच असंही नाही. “पण तुमच्या वयात एवढं म्हणजे घरात कुणाला तरी असणार. आईवडिलांपैकी कुणाचे दात लवकर गेले?” मी डोळे पुसले आणि काय सांगू, अशाही वेळी मला अभिमान वाटला. “छे! वडिलांचे तर अजून सगळे आहेत. बघत राहावेत असे.” तिनं मान हलवली, विश्वास बसला नसावा. “भावंडं?” “धाकटी बहीण आहे.” “तिला आणा. तुमच्या वरच्या दोन दातांची मी खात्री देत नाही, बाकीचे धरून ठेवू. पण तिचं आत्ता कळलं तर तिचे सगळेच राहतील. उशीर करू नका.” मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातंय?

घरी सांगायचं म्हणजे बाबांसमोर तोंड उघडायचं. या एका गोष्टीपाशी मी अडून बसले. मी नोकरीमुळे वेगळी राहते. बसमध्ये ठरवायची, आज फोन करते, आणि फोन लावला की हवापाण्याच्या गप्पा. मला ऐकूच यायचं त्यांचं, आज काय तोंड आलं होतं! घाण माणसं. आणि हे तोंड त्यांच्याच घरातलं. डॉक्टरनं घडण म्हणून सांगितलं होतं, मला ते पटलंही होतं, डोक्याला. पण लाज काही डोक्यात राहत नाही. आरशासमोर उभी राहिले की मला आतून वाटायचंच, कुठेतरी आपण चुकलो. कुठल्यातरी रात्री कंटाळा केला असेल, कुठल्यातरी दाढेमागे ब्रश पोचला नसेल. शिंपीकाकांना मी आता आरशात बघायला लावत नव्हते, कागदावर तोंडाचं चित्र काढून जिभेची जागा दाखवत होते. ते चित्राकडे न बघता माझ्याकडेच बघायचे, आणि त्यांचा ‘त’ काही येत नव्हता. त्यांचं नुकसान होत होतं, मला कळत होतं. मग एकदा फोनवर मुंगी तिच्या परीक्षेबद्दल बडबड करता करता सहज म्हणाली, “अगं ताई, तू कुठला ब्रश आणतेस? माझा मेला टोचतो. थुंकलं की लाल.” “कधीपासून?” “काय माहीत! बाबांना बोलू नकोस हं, लगेच लेक्चर सुरू करतील.” आणि ती हसली. मी फोन ठेवला आणि तशीच बाबांच्या खोलीकडे निघाले.

खोलीत मेणाचा आणि स्पिरिटचा वास. भिंतीवरच्या फळीवर पांढरी तोंडं ओळीनं आ वासून बसलेली, लहानपणी मला ती गाणं म्हणतायत असं वाटायचं. बाबा पाठमोरे, मान आणि खांदा यांच्यात फोन, हातात गुलाबी मेणात रोवलेले दात. मला हातानं स्टूल दाखवलं. फोनवर कुणीतरी डॉक्टर असावा. “नाही नाही डॉक्टर, चुकून नाही. मुद्दाम फिरवलाय. डावीकडचा दुसरा, केसभर. अहो, एकदम सरळ ओळ लावली ना, की लोक दात बघतात. एक जरा फिरवला की माणूस बघतात. माझ्या हातची खूण समजा,” आणि ते हसले. हसताना माझ्याकडे वळले. खिडकीतला उजेड त्यांच्या तोंडावर होता. हातातल्या मेणात डावीकडचा दुसरा दात केसभर फिरलेला, आणि वर, त्यांच्या तोंडात, डावीकडचा दुसरा दात केसभर फिरलेला.

मी स्टूलावर बसले ते बरं झालं. एकेक येऊन आदळायला लागलं. मोरीचं दार, सकाळी आतून कितीतरी वेळ लावलेलं. लवंग. लग्नाचा तो फोटो, त्यात ते ओठ मिटून उभे. माणसं कापून खातात. वाकड्या दाताला फसले, आणि हात धुवायला उठणं. पातळ फोडी. आधी तर तळपायाची आग मस्तकात गेली. नाटकी माणूस! आयुष्यभर जेवणाच्या ताटावर दुसऱ्यांची तोंडं धुतली, आणि स्वतः? आणि लगेच, त्या रागाच्या पाठोपाठ, मला अशी काही लाज वाटली की मान वर करवेना. कुणाला कपडे बदलताना बघितल्यासारखी. आपल्या बापाचं आपण हे बघायला नको होतं. मला वाटलं उठावं आणि परत जावं, म्हणावं सहज आले होते. पण कानात मुंगीचं हसू होतं. फोन झाल्यावर मी विचारलं, “बाबा, आपल्या घरात कुणाचे दात लवकर गेले होते का हो?” ते मेण तासत होते. हात थांबला नाही. “आपल्याकडे? छे! आपण घासतो.” मग मी स्टूल दिव्याखाली ओढलं आणि मान मागे टाकली. “बघा,” म्हटलं, आणि आ केला.

त्यांनी आरसा घेतला. इतक्या वर्षांनी तोच गोल आरसा. अंगठा हिरडीवर ठेवला, दाबला, आणि मला कळलं की त्यांना कळलं. अंगठा त्यांनी उलटा करून बघितला. त्यावर रक्त होतं. ते म्हणाले, “घासत नव्हतीस.” विचारलंसुद्धा नाही, सरळ म्हणाले. “घासत होते!” मी ओरडले, फळीवरच्या सगळ्या तोंडांसमोर ओरडले. “तुमच्याएवढं घासत होते, बाबा! तुम्ही किती घासत होतात?” मग वाकून त्यांनी बर्नर बंद केला, आरसा पुसला, मेणाचे दात फडक्याखाली झाकले. एवढं सगळं झाल्यावर म्हणाले, “रक्त येईपर्यंत.” आणि मग खाली बघत, तुटक तुटक, सांगितलं. त्यांच्या मिशा फुटायच्या सुमाराला सुरू झालं. घरात मोठा भाऊ त्यांचा पेला वेगळा ठेवायचा. कामाला लागले तेव्हा मालकानं मागच्या खोलीत प्लास्टर कालवायला बसवलं, कारण तिथं कुणाशी बोलावं लागत नाही. वरचा एकेक दात बोटानं निघून आला. मग एका सुट्टीच्या दिवशी सगळे गेल्यावर त्यांनी आरशात बघून स्वतःच्या वरच्या जबड्याचा साचा घेतला, एकट्यानं, आणि स्वतःची कवळी केली. “पहिलंच काम,” ते म्हणाले, “म्हटलं एक जरा फिरवावा. खरे वाटतील.” मी त्यांना डॉक्टरनं सांगितलेलं सगळं सांगितलं. जंतू, घडण, राखणदार. “घाणीनं नाही झालं बाबा. तुमचंही नाही आणि माझंही नाही.” ते म्हणाले, “कोण म्हणालं असं?” मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, “तीच म्हणाली? स्वतः?” आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले. “मला वाटायचं, तुम्हा दोघींना नीट घासायला लावलं की झालं. माझ्यावर जाऊ नये, बस. तू ते घोडीचं बोललीस, तेव्हा मला वाटलं हिला माझं कळलं. म्हणून बंद केलं.”

मुंगीचं सांगितल्यावर मात्र ते घाबरले. तिला न्यायलाच हवं, उशीर नको. मग हळूच म्हणाले, “तू तुझं सांग ना तिला. माझं कशाला काढायचं त्यात?” “तुझ्या आईला माहीत नाही,” ते म्हणाले. माझे बाबा, सगळ्या जगाच्या तोंडाला नावं ठेवणारे, माझ्यापुढे हात जोडायचे तेवढे बाकी होते. “एवढी वर्षं गेली, आता काय दाखवू तिला?” मी कबूल केलं. मला राग यायला हवा होता. पण लाजेचं कसं असतं, एकाची दुसऱ्याला लगेच कळते. म्हटलं, चालेल, घाण मी एकटी होते.

सुट्टीच्या दिवशी घरी गेले. जेवणं झाली, आईनं बशी आणि सुरी घेतली, सफरचंदं सोलायला बसली. मी मनात घोकून आले होते तसं सगळं बोलले. माझ्या हिरड्यांना आजार आहे, पुढचे दोन दात जाणार, हे घराण्यातून येतं, तुझंही रक्त येतं म्हणालीस, तर उद्या माझ्याबरोबर चल. बोलताना मी टेबलक्लॉथकडे बघत होते. “ई!” मुंगी म्हणाली, आणि हसली, खोटं कशाला बोलू, छळायला नाही, लहानपणी हसायचो तशीच. “ताई, तू घासत नाहीस? बाबा, ऐकलंत का, घरातच एक तोंड आलंय!” मग माझा चेहरा बघून जरा ओशाळली, पण हट्ट सोडीना. “घराण्यातून कुठून येणार? बाबांचे दात बघ, आईचे बघ. तू त्या होस्टेलवर कायकाय खाल्लंस त्याचं असेल. मी नाही येणार. मी घासते. काहीतरीच, परक्या माणसासमोर उगाच आ करायचा!” मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच. सांगायला एकच वाक्य होतं, आणि ते बोलणार नाही असं मी कबूल करून बसले होते. मी बाबांकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला तेव्हा वाटलं, झालं, गेले हात धुवायला.

मोरीत पाणी वाजलं. बराच वेळ वाजत राहिलं. आई उठून आत गेली, परत आली. मुंगी माझी समजूत घालत होती, रागावलीस का गं, वगैरे. मग बाबा दारात उभे राहिले आणि ती अर्ध्यात थांबली. त्यांचा वरचा ओठ आत गेला होता, नाक खाली आलं होतं, गाल बसले होते. कुणीतरी दुसराच म्हातारा, बाबांचा शर्ट घालून आलेला. ते येऊन आपल्या खुर्चीत बसले. “मुंगे,” ते म्हणाले, “माझे… माझे पण…” पुढचा शब्द त्यांच्या तोंडात नुसता फुसफुसला. पुन्हा म्हणाले, पुन्हा वारा. इतकी वर्षं तो शब्द ते दुसऱ्याच दातांवर म्हणत आले होते. त्यांचा हात वर आला, तोंडावर आडवा पडला. तो हात मला चांगला ओळखीचा होता. मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर घेतली आणि तो हात धरून खाली ठेवला. “बाबा, माझ्याकडे बघा,” मी म्हटलं. “दात नसले तरी येतं. जिभेचं टोक हिरडीला टेकवा. दाबा. सोडा.” आणि मी तोंड उघडून दाखवलं, हात आडवा न धरता, त्या हलत्या दातासकट, घरच्या टेबलावर, भर उजेडात. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, अगदी शिंपीकाकांसारखे. “त,” ते म्हणाले. मग सावकाश, एकेक अक्षर टेकवत म्हणाले, “माझे दात असेच गेले. ताईबरोबर जा.” मुंगीच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. तिनं मान मागे टाकली आणि त्यांच्यासमोर आ केला.

तेवढ्यात आईनं बाबांपुढे वाटी सरकवली. आम्ही सगळ्यांनीच तिच्याकडे बघितलं. आमच्या फोडी बशीत होत्या, आणि वाटीत सफरचंद किसलेलं होतं. पाणी वाजत होतं तेवढ्या वेळात तिनं ते किसून ठेवलं होतं. बाबा वाटीकडे बघत राहिले. मग मान वर करून, त्या नव्या तोंडानं, त्यांनी विचारलं, “तुला… कधीपासून?” आईनं सुरी पदराला पुसली.

“खा आधी,” ती म्हणाली. “काळं पडतंय.”